शून्य रुपयांचं तिकीट

यंत्रातून कागदाची चिटुरकी बाहेर आली. मी सवयीनं आधी टप्पा वाचला आणि मग रक्कम. कराड ते चिपळूण, ज्येष्ठ नागरिक एक, रुपये शून्य. माझ्या नातवाच्या वयाचा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, नीट ठेवा. चेकिंग आलं तर लागंल." मला हसू आलं. हे वाक्य मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांना म्हणत आलो होतो.

१९७५ साली मी एसटीत वाहक म्हणून लागलो आणि २००७ साली ट्रे जमा करून घरी आलो. एसटी माझ्याहून एका वर्षानं मोठी. तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, आणि मी जन्मलो ४९ साली. आता मला शहात्तरावं चालू आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पुरी केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. गेल्या वर्षी मीही त्यात बसलो. मुलगा पुण्याहून म्हणाला, "दादा, मी गाडी करून देतो, ड्रायव्हर देतो, फिरा कुठं फिरायचं ते." मी नको म्हणालो. बायकोला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "बत्तीस वर्षं तुमच्या खाकी शर्टाला यायचा तेवढा एसटीचा वास मला पुरेसा झालाय." मग एक पिशवी, एक शाल, गोळ्यांची डबी आणि आधार कार्ड घेऊन जानेवारीत मी एकटाच निघालो.

मला कुठं जायचं होतं? जिथं हजार वेळा जाऊन आलो होतो तिथंच. लोकांना वाटतं, कंडक्टरनं महाराष्ट्र पालथा घातलेला असतो. खोटं आहे ते. कंडक्टरला गाव माहीत असतं ते स्टँडापुरतं. कुठल्या स्टँडवर दुपारी सावली कुठल्या फलाटावर येते, कँटीनचा चहा कुठं प्यावा आणि कुठं तोंडही लावू नये, कुठल्या कंट्रोलरला नोंद करताना दोन मिनिटं इकडंतिकडं चालतात, हे मला विचारा. पण पंढरपूरला माझ्या शेकडो खेपा झाल्या आणि विठ्ठलाचं दर्शन कळसाचंच. गाडी वीस मिनिटं उभी राहायची. वीस मिनिटांत वेबिल भरायचं की देव बघायचा?

नात्यागोत्याची माणसंही तशीच, खिडकीतून भेटलेली. त्यातली पहिली आमची आक्का. तिला आटपाडीकडं दिली. भिवघाट उतरला की पुढं एक फाटा लागतो, तिथून आत तिची वस्ती. माझी पंढरपूरची ड्यूटी असली की ती फाट्यावर उभी असायची. कडोसरीला काही खोचलेलं, डोक्यावर पदर आणि हातात फडक्यात बांधलेला डबा. मी दोरी ओढायचो, एक घंटी. गाडी थांबायची. डबा आत, रिकामा डबा बाहेर. "बरी हाईस का?" "हाय की. पोरं?" "बरी." दोन घंट्या. अर्धं मिनिट. कधी कुणी उतरणारं असलं तर पाऊण. आम्हा भावाबहिणीच्या बोलण्याचा हिशेब लावायला बसलो, तर वर्षाला तासभरही भरायचा नाही.

तर या खेपेला उतरायचं, एवढंच ठरवून मी निघालो होतो.

पहिली खेप चिपळूणची. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण. गाडीत अर्ध्याहून जास्त बाया. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून हे चित्र पालटलंय. माझ्या वेळी बाई एकटी बसायची ती दवाखान्याला, नाहीतर माहेरी कुणी गेल्याचा निरोप आला म्हणून. आता माझ्या शेजारची बाई सांगत होती, "बहिणीकडं हळदीकुंकवाला चाललेय, सांजच्याला परत." हळदीकुंकवाला! चाळीस किलोमीटर! मी मनातल्या मनात तिला तिकीट फाडून दिलं.

पाटण सोडलं की कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. कराडात आमच्या मांडणीवरची भांडी खाली आली. आजी अंधारात ओरडत होती, "पोराहो, भाईर!" एवढंच आठवतं. पुढं कित्येक वर्षं त्या रस्त्यानं ड्यूटी केली, तरी हेळवाकच्या आसपास आलो की हात आपोआप वरच्या दांडीला घट्ट व्हायचा. या वेळीही झाला.

कुंभार्ली घाटात धुकं नव्हतं. जानेवारीत सहसा नसतंच. पण मला हा घाट पावसाळ्यातलाच आठवतो. आमची गुहागरची गाडी, चाकावर तात्या. तात्या घाटाखालचा, शिरगावचा. धुकं इतकं असायचं की बॉनेट दिसायचं नाही. मग मी बॅटरी घेऊन खाली उतरायचो आणि गाडीच्या पुढं चालत जायचो, एका हातानं दरीची बाजू दाखवत.

शिरगावला उतरलो. तात्या ओटीवर खुर्ची टाकून बसला होता. एकोणऐंशी वर्षांचा. मोतीबिंदू काढलाय, पण दुसऱ्या डोळ्याला काही उपाय राहिलेला नाही. माझ्या पायांचा आवाज ऐकून म्हणाला, "मास्तर, ये. तुझी गाडी दहा मिनिटं लेट होती."

"तुला काय माहीत मी कुठल्या गाडीनं आलो?"

"टाटाची होती. वळणावर दुसऱ्यात घेतली. पोरगं नवीन आहे, क्लच दाबून धरतं."

दोन दिवस मी त्याच्याकडं राहिलो. पंधरा-सोळा वर्षं आम्ही एका गाडीत काढली, पण जवळ बसून बोललो असू ते मुक्कामाच्या रात्री, तेही निम्मे पेंगत. गाडी चालू असताना तो पुढं आणि मी मागं. बोलायचं ते घंटीनं. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी मागं घेताना मी पत्र्यावर थापा मारायचो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" आता सलग बोलायला मिळालं, तर पहिल्या तासाभरातच दोघांना कळेना काय बोलावं. त्याची सून चहा ठेवून गेली, आम्ही तो प्यायलो, गडग्याबाहेरून गाड्या जात राहिल्या आणि तात्या आवाजावरून सांगत राहिला, ही ट्रक, ही लेलँड, ही डंपर रिकामी.

रात्री जेवणानंतर मात्र तो खुलला. सुनेला सांगत होता, "या माणसाच्या ढुंगणाकडे बघत मी चाळीस वेळा तरी घाट उतरलोय. देवाचं तोंड एवढं बघितलं नसेन." मग जुलै २०२१ च्या पुराची गोष्ट निघाली. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी आगारात शिरलं, गाड्या बुडाल्या आणि आगारप्रमुख रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले. हे पेपरात आलं होतं, सगळ्यांनी वाचलं. पण तात्यानं सांगताना शेवटी विचारलं, "मास्तर, तू असतास तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, "मीपण टपावरच गेलो असतो. भरणा केल्याशिवाय घरी कसा जाणार?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. बाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं काय ते समजायचं नाही. ज्याचे रात्री भरण्याच्या खिडकीपाशी तीन रुपये कमी आलेत आणि ज्यानं ते खिशातून घातलेत, त्याला समजेल.

निघताना त्याला म्हटलं, चल स्टॉपपर्यंत. तो उठला, काठी घेतली. मी पुढं चालत होतो, तो मागून. अंगणाच्या पायऱ्यांपाशी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "येऊ दे... येऊ दे..."

कराडला घरी एक रात्र. कपडे धुतले, बायकोला तात्याकडची कोकमं दिली आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेला निघालो.

आता इथं माझी चूक सांगतो. आक्काला फोनवर सांगून ठेवलं होतं की मी सोमवारी येतो, साडेदहाच्या दरम्यान फाट्यावर. ती वेळ माझ्या डोक्यात होती ती माझ्या काळातल्या साध्या गाडीची. स्टँडवर पंढरपूरची गाडी दिसली आणि मी चढलो. बत्तीस वर्षं पाट्या बदलणारा माणूस, पण पाटी नीट वाचली नाही. विट्याच्या पुढं तिकिटं काढत कंडक्टर आली. मुलगी होती, तिशीच्या आतली, यंत्र गळ्यात, आणि एका प्रवाशाकडून मोबाइलवर पैसे घेत होती. मी फाट्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "काका, ही जलद आहे. थांबा नाही तिथं. आटपाडीला उतरा, नाहीतर सरळ पंढरपूरचं देते."

मी बोलू शकलो असतो. म्हणू शकलो असतो, पोरी, मीपण याच खात्यातला, अर्धं मिनिट फक्त. पण हे वाक्य मी स्वतः किती लोकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि किती जणांना "थांबा नाही" म्हणून गप्प केलं होतं! एकदा तर आजारी पोराला शालीत घेतलेल्या बाईला. ते नंतर बरेच दिवस टोचत राहिलं होतं. मी गप्प बसलो.

भिवघाट उतरला. फाटा आला. आक्का उभी होती. शेजारी तिचा नातू मोटारसायकलवर. ती आता वाकली आहे, पण पदर तसाच आणि हातात फडक्यातला डबा. तिनं गाडी बघून हात वर केला. गाडी न थांबता निघून गेली. खिडकी लावलेली होती. ती उघडायला म्हणून मी जोर केला, तोवर मागं धूळ.

फोन केला. नातवानं घेतला. "आजी म्हणत्या, गाडी बिघडली का?" मी सांगितलं, परतीच्या वाटेला येतो, नक्की येतो. आटपाडीला उतरून मागं फिरता आलं असतं. पंधरा-वीस मिनिटांचा प्रश्न होता. पण सोलापूरला पुतण्या वाट बघत होता, पुढं किल्लारीला कळवलेलं होतं, सगळं वेळापत्रक ठरलेलं होतं. माझ्यासारख्याच्या हाडात वेळापत्रक भिनलेलं असतं. मी उतरलो नाही.

पंढरपुरात या वेळी रांग धरून मुखदर्शन घेतलं. आक्काचा चेहरा काही डोळ्यांपुढून जाईना, म्हणून तेवढं समाधान झालं नाही. सोलापूरला पुतण्याच्या घरी एक रात्र. पुतण्या चांगला, सून चांगली, शेंगाचटणी फारच चांगली. टीव्ही फार मोठा. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

किल्लारीला राहतो तो माझा यात्रेतला दोस्त. आषाढीला पंढरपूरला सगळ्या राज्यातनं जादा गाड्या यायच्या आणि आम्हा कर्मचाऱ्यांनाही यात्रा ड्यूटीवर पाठवायचे. चंद्रभागेच्या यात्रा स्टँडवर चिखलात, ताडपत्रीखाली आम्ही पहिल्यांदा भेटलो. तो उमरगा डेपोचा. तिथं सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, पण याचं ते नावच पडलं. चार दिवस एकत्र खायचं, झोपायचं आणि मग वर्षभर पत्ता नाही. दर वर्षी जाताना तो म्हणायचा, "गावाकडं या की एकदा, आईच्या हातचं खाऊन जावा." दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या साली.

उमरग्याहून लातूरच्या गाडीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, "किल्लारी पाटीला उतरा." आमच्याकडं फाटा, कोकणात तिठा, मराठवाड्यात पाटी. रस्ता फुटतो तसा शब्दही फुटतो. पाटीवर माउली उभा. पांढरं धोतर, टोपी. माझी पिशवी हातातून काढून घेतली. "लई दिवसांनी आलाव," म्हणाला. मी मोजलं. यात्रेतली शेवटची भेट २००५ सालची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माउली मुक्कामी गाडीवर होता, चाळीसएक किलोमीटर लांब, दुसऱ्या गावी. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती पोहोचवून दमलेलं गाव झोपलं होतं. चारच्या आत जमीन हलली. तिकडं मुक्कामाच्या गावालाही हादरा बसला, पण घरं उभी राहिली. माउली ठरल्याप्रमाणे सकाळची पहिली गाडी घेऊन निघाला. रस्त्यात माणसं आडवी यायला लागली. गाव दिसायच्या आधी त्याला धूळ दिसली. त्याचं घर माळवदाचं, दगडमातीच्या हातभर जाड भिंतींचं, उन्हाळ्यात गार राहणारं. आई आणि धाकट्या भावाचा संसार त्याखाली गेला.

हे सगळं त्यानं मला पूर्वीच, यात्रेत, दोन-तीन वाक्यांत सांगितलेलं होतं. या वेळी त्यानं सांगितलं नाही, नेऊन दाखवलं. जुन्या गावात आता बाभळी आहेत, दगडांच्या रांगा आहेत आणि त्यात मधेच एखादं जातं पालथं पडलेलं. एका जागी थांबून तो म्हणाला, "हितं आमचं दार." मी बघत राहिलो. मला ज्या घरी जेवायला बोलावलं होतं ते हे. मी पुढच्या साली म्हणालो होतो.

नवं गाव आखीव. सरळ रस्ते, सुटी घरं, प्रत्येकाला अंगण. माउलीचं घर पक्कं, वर स्लॅब. पण तो आत झोपत नाही. अंगणात पत्र्याची शेड मारलीय, तिथं त्याची बाज. "पत्रा पडला तर लागंल, मरणार न्हाई," म्हणाला. मुलगा-सून आत झोपतात, त्यांच्यात ती लहानपणची भीती राहिली नाही. मीही शेडमध्येच पथारी टाकली. थंडी मरणाची. संध्याकाळी शेतात हुरडा खाल्ला होता, कोवळ्या कणसांचा, आगटीत भाजलेला, सोबत लसणाची चटणी. त्याची ऊब पोटात होती तेवढीच.

मध्येच मला जाग आली. अंधार होता. बाजेवर माउली बसलेला. घड्याळ बघितलं, चारला काही मिनिटं कमी. मी विचारलं, "झोप येत नाही?" तो म्हणाला, "येती. हितनं पुढं येती." जरा वेळानं, बहुतेक चार वाजून गेल्यावर, तो आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. मग मी जागा राहिलो. मला कराडची मांडणी आठवत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सुनेनं भाकरी, उडदाचं घुटं आणि ठेचा वाढला. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. माउली काही बोलला नाही, फक्त वाढायला सांगत राहिला.

परत येताना लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी. हे सगळे स्टँड मी खिडकीतून बघितले आणि कुठंही उतरलो नाही. चहालाही नाही. पंढरपुरात मात्र फलाटावर उभ्या तीन गाड्यांच्या पाट्या चष्मा लावून, जवळ जाऊन वाचल्या. जलद, जलद, आणि तिसरी साधी. साधी गाडी प्रत्येक वाडीला थांबते, प्रत्येक शाळेला थांबते, कुणी हात केला की थांबते. मी तिच्यात दारापाशी बसलो, कंडक्टरच्या सीटशेजारी. आक्काला या वेळी कळवलं नाही. ती पुन्हा फाट्यावर उभी राहायला नको.

फाट्याला गाडी थांबली. मी उतरलो. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या आणि गाडी गेली. बत्तीस वर्षं इथून गेलो, पण या जागी मी पहिल्यांदाच जमिनीवर उभा होतो. समोरचं झाड पिंपरणीचं आहे, हे मला माहीतच नव्हतं. बसच्या खिडकीतून त्याचं फक्त खोड दिसायचं.

वस्ती दीडएक किलोमीटर आत. चालत निघालो. माझ्या आठवणीतला माणदेश म्हणजे कुसळं, मेंढरं आणि चारा-पाण्यासाठी रिकामी झालेली गावं. आक्काच्या डब्यात कधी नुसती भाकरी-चटणी असायची, तेव्हा समजायचं की औंदा पाऊस नाही. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा होत्या आणि बांधाला पाइपाची कुंडी. हे पाणी टेंभूचं. टेंभू म्हणजे आमच्या कराड तालुक्यातलं गाव. कृष्णेचं पाणी तिथून उचलून टप्प्याटप्प्यानं चढवत इकडं आणलंय. या पाण्यासाठी लढणारे नागनाथअण्णा आटपाडीत पाणी परिषदा घ्यायचे, तेव्हा परिषदेची माणसं माझ्या गाडीतून यायची आणि मी त्यांना तिकिटं देताना मनात म्हणायचो, कृष्णा कधी भिवघाट उतरणार आहे होय! उतरली. माझ्या आधी आक्काच्या दारात पोहोचली.

आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सूप समोर, पाय पसरलेले. कुत्रं भुंकलं म्हणून तिनं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला. मला ओळखलं आणि घाईनं उठायला लागली. गुडघ्यावर हात, भिंतीला हात.

"आरं, आधी सांगायचं न्हाय? डबा न्हाय भरल्याला. थांब, थांब." आणि घराकडं वळता वळता रस्त्याच्या बाजूला बघून म्हणाली, "गाडी थांबलीया न्हवं?"

"न्हाय आक्का," मी चपला काढत म्हटलं. "गेली ती."